चित्रपटांची चोरवाट

हल्लीं घरोघरीं एक प्रश्न विचारला जातो, आणि तो विचारणारीं माणसें सामान्यतः सज्जन असतात. नवा चित्रपट लागलेला असतो. चौघांचीं तिकिटें, जाण्यायेण्याचें भाडें आणि मध्यंतरांतलें खाणें यांत हजार-दीड हजार रुपये सहज उडतात. आणि इकडे घरांतला मुलगा हातांतल्या मोबाइलवर तोच चित्रपट कुठल्याशा संकेतस्थळावरून फुकट लावून दाखवितो. मग पैसे कां द्यावे? ज्यानें चित्रपट काढला तो कोट्यधीश; आपल्या शंभर-दोनशें रुपयांवांचून त्याचें काय अडणार आहे? या प्रश्नाला नीतीचें उत्तर आहेच. परंतु तें आपणां सर्वांस ठाऊक आहे, आणि तेवढ्यासाठीं आकाशवाणीचा वेळ खर्च करण्याचें कारण नाहीं. मला आज इतिहासाचें उत्तर द्यावयाचें आहे. चित्रपटाची चोरी ही जवळजवळ चित्रपटाइतकीच जुनी आहे. पण तिच्या सव्वाशें वर्षांच्या वाटचालींत एक फरक असा पडला आहे कीं, तो ध्यानांत आला म्हणजे ‘फुकट’ या शब्दाचा अर्थच पालटतो. पूर्वीं चोर निर्मात्याला लुबाडी व प्रेक्षकाला माल देई. आज त्याच्या दुकानांतला माल म्हणजे स्वतः प्रेक्षकच होय.

आरंभ पॅरिसपासून करावयास हवा. जॉर्ज मेलिएस हा धंद्यानें जादूगार. जादूच्या खेळांचें एक नाट्यगृहच त्याच्या मालकीचें होतें. १८९५ सालच्या डिसेंबरांत लुमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें त्यानें पाहिलीं, आणि आपल्या साऱ्या हातचलाखीपेक्षां मोठी जादू या पेटींत आहे हें त्यानें ओळखलें. पॅरिसजवळ माँत्रय येथें कांचेचा चित्रमंडप उभारून त्यानें पुढें पांचशेंहून अधिक चित्रें काढलीं. १९०२ सालचें ‘चंद्राची सफर’ हें त्यांतलें सर्वांत गाजलेलें. चंद्राच्या डोळ्यांत तोफेचा गोळा रुतलेला आहे, हें त्यांतलें दृश्य ज्यांनीं चित्र पाहिलें नाहीं त्यांनींही कोठें ना कोठें पाहिलेलें असतें. अवघ्या तेरा-चौदा मिनिटांचें हें चित्र. पण त्याला सुमारें दहा हजार फ्रँक लागले असें मेलिएसनें पुढें सांगितलें, आणि त्या काळीं ही रक्कम अवाढव्य होती.

या रकमेची वसुली अमेरिकेंत व्हावयाची होती. झाली, पण ती दुसऱ्यांच्या खिशांत. कारण समजून घेण्यासारखें आहे. त्या काळीं चित्रपटाची प्रत भाड्यानें देत नसत. कापडासारखी लांबीवर मोजून कायमची विकत. एकदां प्रत हातीं आली कीं, तिच्याखालीं कोरी फिल्म धरून उजेड दिला म्हणजे नवी निगेटिव्ह तयार होई आणि तिच्यावरून हव्या तितक्या प्रती निघत. फोटोवरून फोटो काढावा तसा हा प्रकार. दर पिढीला रेषा भुरकट होत जात, पण जत्रेंतल्या तंबूंत बसलेल्या प्रेक्षकाला त्याचें सोयरसुतक नसे. एडिसनची कंपनी, शिकागोचा सेलिग, फिलाडेल्फियाचा लुबिन या सर्वांनीं ‘चंद्राची सफर’ आपापल्या नकलांच्या रूपानें विकली.

यांतला सिग्मंड लुबिन हा मूळचा चष्मेवाला. त्याच्या पदरीं काम केलेल्या फ्रेड बॅल्शोफर या गृहस्थानें म्हातारपणीं आठवणी लिहिल्या. त्यांत एक मजेदार प्रसंग आहे. आपला माल ओळखूं यावा म्हणून मेलिएस आपला व्यापारी तारा नेपथ्यांतच कोठेंतरी उभा करीत असे. नकलेंतला तो तारा चित्राचित्रामागें पुसून टाकणें हें बॅल्शोफरचें काम. एके दिवशीं एक परदेशी गिऱ्हाईक आलें. लुबिननें त्याला चित्रें दाखविण्यास सुरुवात केली. चंद्राची सफर पडद्यावर येतांच तो गृहस्थ उठून ओरडूं लागला कीं, हें चित्र तुम्ही मला कसलें विकतां, हें माझेंच आहे! यावर लुबिननें लाजावें कीं नाहीं? तो उलट आपल्या नोकराकडे बोट दाखवून, तुमचा तारा पुसतांना या बिचाऱ्याला किती कष्ट पडले, याचेंच गाऱ्हाणें सांगूं लागला. हा गृहस्थ स्वतः मेलिएस होता असें बॅल्शोफर म्हणतो. माझ्या मतें तो त्याचा भाऊ गास्तों असावा. पण लुबिनचें उत्तर मात्र खोटें वाटत नाहीं. पुढें या धंद्यांतल्या प्रत्येक पिढीनें तें आपापल्या भाषेंत दिलें आहे.

गंमत अशी कीं, नकला विकणारा एडिसन स्वतः नकलांविरुद्ध न्यायालयांत उभा होता. जर्मन कैसरच्या नौकेच्या जलावतरणाचें त्यानें घेतलेलें चित्र लुबिननें उचललें होतें. चित्रपट म्हणजे हजारों सुटे फोटो; तेव्हां प्रत्येक फोटो वेगळा नोंदविला पाहिजे, असा खालच्या न्यायालयाचा निकाल लागला. वरच्या न्यायालयानें १९०३ मध्यें तो फिरविला आणि संपूर्ण चित्रपट हा एकच फोटो समजावा असें ठरविलें. चित्रपट म्हणून चित्रपटाला अमेरिकन कायद्यांत स्वतंत्र जागा मिळावयास १९१२ साल उजाडलें. मधल्या काळांत गास्तों मेलिएसनें न्यूयॉर्कला कचेरी थाटली, नोंदण्या केल्या, आणि आपल्या सूचीपत्रांत नकलाकारांना उद्देशून, आम्ही दोनदां बोलणार नाहीं, थेट कृति करूं, अशा अर्थाची धमकी छापली. धमकीनें फारसें कांहीं साधलें असें दिसत नाहीं. खरा फरक पडला तो वेगळ्याच दिशेनें. फ्रान्सच्या पाथे कंपनीनें १९०७ मध्यें प्रती विकण्याचें सोडून त्या भाड्यानें देण्यास आरंभ केला. प्रत परत येऊं लागली, भाडें स्वस्त पडूं लागलें, आणि आठवड्याला नवें चित्र रीतसर मिळत असतां भुरकट नक्कल कशाला घ्यावी, असें खेळवाल्यांनाच वाटूं लागलें.

मेलिएसचें पुढें वाईट झालें. १९२३ च्या सुमारास त्यानें आपल्या निगेटिव्ह स्वतःच्या हातानें जाळल्या, आणि माँपार्नास स्टेशनांत खेळण्यांचें दुकान मांडून तो बसला. हा सारा दोष चोरांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. लोकांची रुचि बदलली होती, कर्जाचे करार अंगाशीं आले होते, आणि महायुद्धानें उरलेंसुरलें नेलें. पण ज्या वर्षीं जगानें त्याला डोक्यावर घेतलें त्याच वर्षींचें अमेरिकेंतलें बहुतेक उत्पन्न त्याच्या हातीं लागलें नाहीं, ही गोष्ट राहतेच.

येथें प्रामाणिकपणें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चोरून काढलेल्या प्रतींनीं कधीं कधीं कला वाचविली आहे. ‘नोस्फेराटू’ हें १९२२ सालचें जर्मन चित्र ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीवरून परवानगीवांचून काढलेलें होतें. स्टोकरच्या विधवेनें दावा जिंकला आणि १९२५ मध्यें सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. तरीही कांहीं प्रती इकडे तिकडे उरल्या, म्हणून आज तें चित्र आहे. जतनाचा हा प्रश्न खरा आहे. परंतु गेल्या शुक्रवारीं लागलेला चित्रपट आज रात्रीं फुकट पाहणारा मनुष्य जतनाच्या तळमळीनें पाहतो, असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं.

त्यानंतरचीं पन्नास वर्षें भरभर ओलांडतां येतील. चित्रपटाचीं रिळें जड, त्यांना प्रक्षेपक लागे, नकलेला रसायनशाळा लागे. तेव्हां चोरी झाली तरी ती व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांत राहिली. दिवाणखान्यांत ती शिरली १९७५ नंतर, कॅसेटीच्या रूपानें. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिच्या मागोमाग व्हिडिओ पसरला. एका रात्रीपुरता व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्यानें आणून अख्ख्या चाळीनें पहांटेपर्यंत जागावें, हा प्रकार मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांना आठवत असेल. त्या कॅसेटींपैकीं रीतसर किती होत्या हें कोणी विचारीत नसे. १९८४ मध्यें आपल्या स्वामित्वहक्काच्या कायद्यांत व्हिडिओची चोरी लक्षांत घेऊन दुरुस्ती करावी लागली. त्याच वर्षीं अमेरिकेंत उलटा निकाल लागला. घरीं कार्यक्रम टिपून ठेवणाऱ्या सोनीच्या यंत्राविरुद्ध चित्रसंस्था लढल्या होत्या. त्यांच्या मुख्य प्रतिनिधीनें १९८२ मध्यें त्या यंत्राची तुलना बायकांचे गळे घोंटणाऱ्या एका कुप्रसिद्ध खुन्याशीं केली होती. सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं यंत्र निर्दोष ठरविलें. आणि पुढें कांहीं वर्षांतच कॅसेटींची विक्री व भाडें हा त्याच चित्रसंस्थांचा मोठा आधार झाला! धंदा ज्याला काळ समजत होता तो त्याचा अन्नदाता निघाला.

आपल्याकडे याचाच पुढचा अंक तबकड्यांच्या काळांत घडला. स्टेशनाबाहेरच्या पथाऱ्यांवर चोरीच्या तबकड्या मिळत. चित्रपटगृहांत लपविलेल्या कॅमेऱ्यानें टिपलेल्या. मध्येंच कोणाचें तरी डोकें पडद्याआड येई आणि विनोदावर अनोळखी प्रेक्षक हंसत. महाराष्ट्रानें २००९ मध्यें झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाले यांच्याविरुद्धच्या १९८१ सालच्या कायद्यांत या चोरांनाही घातलें, म्हणजे त्यांना स्थानबद्ध करण्याची सोय झाली. उपाय कडक होता. तथापि मला अधिक बोलकी वाटते ती त्याच्या दोन-तीन वर्षें आधींची गोष्ट. मोझर बेअर नांवाच्या भारतीय कंपनीनें चित्रपटांचे हक्क घाऊक विकत घेऊन रीतसर व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारांत आणली. चोराचा भाव आणि सावाचा भाव यांत अंतर राहिलें नाहीं. शेजारच्या वाण्याकडे चांगली, न अडकणारी, वेष्टणांतली तबकडी मिळत असतां पथारीवर वांकण्याचें कारण उरलें नाहीं. ती कंपनी पुढें दिवाळखोरींत गेली, पण त्याचीं कारणें निराळीं होतीं.

आतां इंटरनेटकडे येऊं, कारण येथेंच तो मघांचा फरक आहे. कॅसेटवाला चोर आपल्याकडून पैसे घेई. व्यवहार तेथें संपे. संकेतस्थळवाला चोर पैसे घेत नाहीं. मग हजारों चित्रपट साठवून रात्रंदिवस प्रक्षेपित करण्याचा खर्च तो कशांतून काढतो? ‘मेगाअपलोड’ या प्रचंड साठवणस्थळावर अमेरिकन सरकारनें जानेवारी २०१२ मध्यें खटला भरला, तेव्हां आरोपपत्रांत त्याचें उत्पन्न साडेसतरा कोटि डॉलरहून अधिक असल्याचें म्हटलें होतें. सभासदांची वर्गणी आणि जाहिराती हे त्याचे झरे. तें स्थळ एका रात्रींत बंद झालें, आणि ज्यांनीं आपले स्वतःचे, पूर्णपणें कायदेशीर कागद व चित्रफिती तेथें ठेवल्या होत्या त्यांचेंही सर्व आंत अडकून पडलें. चोराच्या वखारींत आपली ट्रंक ठेवली कीं, जप्तीच्या दिवशीं हें व्हावयाचेंच.

जाहिराती म्हटल्या तरी प्रतिष्ठित व्यापारी अशा ठिकाणीं सहसा येत नाहीं. येतो तो जुगाराच्या परदेशी अड्ड्यांचा दलाल, आणि त्याहून वाईट म्हणजे संगणकांत विष पेरणारा. चित्रपट सुरूं करण्यासाठीं आपण बोट टेकवितों, तेव्हां त्या बटणावर न दिसणारा दुसरा पडदा पसरलेला असतो. बोट त्यावर पडतें आणि आपण एका स्थळावरून दुसऱ्या, तेथून तिसऱ्या स्थळावर ढकलले जातों. शेवटीं एक पाटी येते: तुमचा प्लेयर जुना झाला आहे, नवा उतरवून घ्या. उतरतो तो प्लेयर नव्हे. डिसेंबर २०२४ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या तज्ज्ञांना असा एक प्रकार सांपडला व पुढल्या मार्चांत त्यांनीं तो जाहीर केला. बेकायदा चित्रपट दाखविणाऱ्या स्थळांपासून साखळी सुरूं झाली होती आणि जगभरांतल्या सुमारें दहा लाख यंत्रांना तिची झळ पोंचली. जे कार्यक्रम आंत शिरत त्यांचें मुख्य काम: ब्राउझरमध्यें जपून ठेवलेले परवलीचे शब्द आणि आपण कोठें कोठें प्रवेश केलेला आहे त्याच्या खुणा गोळा करून मालकाकडे धाडणें. मोबाइलवर तऱ्हा थोडी वेगळी. ‘आमचें ॲप घ्या, जाहिरातींचा त्रास होणार नाहीं’ असें सांगून अधिकृत दुकानाबाहेरचें ॲप गळीं उतरवितात, आणि तें पहिल्याच दमांत आपले लघुसंदेश वाचण्याची परवानगी मागतें. बँकेचा एकवेळचा संकेतांक लघुसंदेशानेंच येतो, हें सांगावयास नको. चित्रपटाला आपले संदेश वाचण्याचें कारण काय, एवढा प्रश्न विचारला तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

२०२५ च्या नोव्हेंबरांत हैदराबादच्या पोलिसांनीं तेलुगू चित्रपट फुकट दाखविणाऱ्या एका प्रसिद्ध स्थळाच्या चालकाला पकडलें. हजारों चित्रपटांबरोबर लाखों प्रेक्षकांची माहितीही त्याच्या हातीं होती आणि जुगाराच्या ॲपांची जाहिरात तो करीत होता, असें पोलिसांचें म्हणणें आहे. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. परंतु लुबिनच्या गुदामांत मेलिएसचीं चित्रें होतीं आणि येथें चित्रांच्या शेजारीं आपलीं नांवें व पत्ते असल्याचें सांगतात, हा भेद पुरेसा स्पष्ट आहे.

कायदा स्वस्थ बसला आहे असें नाहीं. २०२३ च्या दुरुस्तीनें चित्रपटगृहांत चोरून चित्रण करणाऱ्यास तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, आणि किमान तीन लाख रुपयांपासून निर्मितिखर्चाच्या पांच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला. पण चोर नेहमीं खुर्चींत कॅमेरा घेऊनच बसतो असें नव्हे. २०१६ मध्यें ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या दोन दिवस आधीं इंटरनेटवर आला तेव्हां त्या प्रतीवर ‘सेन्सॉरसाठीं’ अशा अर्थाचीं अक्षरें होतीं! स्थळें बंद करावीं तर रक्तबीजाप्रमाणें एकाच्या जागीं दहा उभीं राहतात. नांवांत एक अक्षर बदललें कीं झालें. दिल्ली उच्च न्यायालयानें २०१९ मध्यें यावर तोड काढली कीं, एकदां मनाई झालेल्या स्थळाचीं नवीं रूपें मूळ आदेशांतच जोडतां यावीं, दर वेळीं नवा दावा नको. याचा उपयोग झाला आहे. पण रक्तबीज संपला असें कोणी म्हणणार नाहीं.

म्हणून पाथेनें आणि मोझर बेअरनें केलें तें पुन्हां पाहावयास हवें, आणि तें अंशतः झालेंही आहे. नेटफ्लिक्सनें २००७ मध्यें घरपोंच तबकड्यांच्या जोडीला थेट प्रक्षेपण सुरूं केलें. आपल्याकडे हॉटस्टार २०१५ मध्यें व नेटफ्लिक्स २०१६ मध्यें आलें. जाहिराती सोसून फुकट पाहावयाचें असेल तर कित्येक निर्माते व हक्कदार आपले जुने चित्रपट स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर ठेवतात. वाहिनी खरोखर त्यांचीच आहे ना, एवढें पाहावें. प्रसार भारतीनें २०२४ च्या नोव्हेंबरांत गोव्याच्या चित्रपट महोत्सवांत ‘वेव्हज’ ही सेवा सुरूं केली. दूरदर्शनच्या जुन्या मालिकांसाठीं तरी ती पाहण्यासारखी आहे. घरांत पैसे बेताचे असतील तर एका वेळीं एकाच सेवेची एका महिन्याची वर्गणी भरावी, पाहावयाचें तें पाहून ती थांबवावी, आणि पुढल्या महिन्यांत दुसरी घ्यावी. यांत कसलाही कमीपणा नाहीं.

या सेवांचीही एक तक्रार मला नोंदविली पाहिजे. एक चित्रपट येथें, दुसरा तेथें, तिसरा मागच्या महिन्यांत होता तो आज नाहीं. चार वर्गण्या भरूनही हवें तें मिळेना, तर मनुष्य पुन्हां चोरवाटेकडे पाहूं लागतो. मराठी चित्रपटाच्या बाबतींत हें दुखणें अधिक आहे. आठवडा-दोन आठवड्यांत तो चित्रपटगृहांतून उतरतो, आणि सोलापूरच्या किंवा शिकागोच्या मराठी कुटुंबाला तो रीतसर पाहण्याची सोय कित्येकदां महिनोन् महिने होत नाहीं. निर्माता कोट्यधीश असतो ही समजूत तर येथें मुळींच लागू नाहीं. कर्ज काढून चित्रपट करण्याची परंपरा आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांपासूनची आहे. फाळक्यांनीं विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलें होतें. अशा माणसाच्या पहिल्या आठवड्याच्या गल्ल्याला मोबाइलवरची चोरटी प्रत लागली तर त्याचा दुसरा चित्रपट निघत नाहीं, आणि तो निघाला नाहीं हें आपणांस कळतही नाहीं.

शेवटीं, फुकट आणि निर्वेध अशी एक वाट कायद्यानेंच मोकळी ठेवली आहे, तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. आपल्या कायद्याप्रमाणें चित्रपटावरील हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षें टिकतो. तेव्हां प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ वरील चित्रपट म्हणून असलेला हक्क केव्हांच संपला. मेलिएसच्या मृत्यूला १९३८ पासून सत्तर वर्षें झाल्यावर फ्रान्समधीलही मुदत सरली. ‘चंद्राची सफर’ आतां कोणीही, कोणाचेंही देणें न लागतां, पाहूं शकतो. तिची हातानें रंगविलेली एक प्रत १९९३ मध्यें बार्सेलोनांत उजेडांत आली व दुरुस्त होऊन २०११ मध्यें कान महोत्सवांत दाखविली गेली. पाहावयाची तर तीच पाहावी. मात्र नव्यानें केलेल्या दुरुस्तीवर, उपशीर्षकांवर किंवा जोडलेल्या संगीतावर वेगळा हक्क असूं शकतो. गीतांचाही हिशेब निराळा. भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ १९६५ सालचा. चित्रपट म्हणून त्याची मुदत २०२५ च्या अखेरपर्यंत होती. पण त्यांतलीं कांहीं गीतें लिहिणारे जगदीश खेबूडकर २०११ मध्यें निवर्तले, म्हणून त्या शब्दांवरचा हक्क २०७१ च्या अखेरपर्यंत चालेल.